फुग्याच्या गाडीचा संच: गाडी घ्या, सोबतचा कागद बाजूला ठेवा

मालवणच्या बाजारात स्टेशनरीच्या एका दुकानात हा संच मिळतो. किंमत एकशेवीस रुपये. आत जाड पुठ्ठ्याचा सांगाडा, प्लॅस्टिकची चाकं, लोखंडी आस, ते ओवायला स्ट्रॉ आणि फुगे. मी नववीची शिकवणी घेते. विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, त्यामुळे असलं काही दिसलं की माझा हात थांबत नाही.

गाडी फार चांगली आहे. वर झाकण नाही, रंगरंगोटी नाही, काय कशामुळे होतंय ते मुलांना उघड दिसतं. हवा मागे सुटते, गाडी पुढे जाते, एवढं कुणालाही कळतं. खरं बघायचं ते फुगा रिकामा झाल्यावर. ढकलणारं काही उरलेलं नसतं, तरी गाडी जातच राहते. घरातल्या गुळगुळीत लादीवर ती थेट समोरची भिंत गाठते. सारवलेल्या खळ्यात निम्म्यातच थबकते. चिवल्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत तर चाकं रुततात आणि ती जागची हलत नाही. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू मिळाली की पुन्हा पळते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाण्याकडे तोंड करून एकदा सोडा, मग गावाकडे तोंड करून. गाडी तीच, फुगा तेवढाच, आणि अंतरात केवढा फरक!

म्हणूनच सोबतच्या कागदाचा मला राग आला. त्यात छापलंय, ‘बल संपले की गाडी थांबते.’ साफ चूक. बल संपलं तर गाडी आहे त्या वेगाने सरळ जात राहील, हेच तर जडत्व. तिला थांबवतं ते आसाचं स्ट्रॉशी होणारं घर्षण, जमिनीचा अडथळा आणि समोरची हवा. न्यूटनने १६८७ साली पहिला नियम म्हणून मांडलेली गोष्ट मुलांच्या हातात उलटी का द्यावी?

सांगाड्यावर एक सुपारी ठेवा आणि वाटेत पाट आडवा घाला. गाडी अडते, सुपारी पुढे उडते. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपलं काय होतं, ते मग मुलंच सांगतात. ओल्या वाळूने भरलेली काडेपेटी ठेवलीत तर तोच फुगा गाडीला हलवताना रडकुंडीला येतो.

दुसरी तक्रार आसांची. आपल्या खाऱ्या हवेत ते लगेच गंजतात आणि चाकं अडखळतात. मी सायकलचे स्टीलचे स्पोक कापून घातलेत. खोबरेल लावू नका, वाळू चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा.

बनवणाऱ्यांनी आस न गंजणारे द्यावेत आणि कागद नव्याने छापावा. तोवर मी संच घेतेय आणि त्यात माझ्या हाताने लिहिलेला कागद घालून मुलांना देतेय.