ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता, तरी ८४,४०९ रुपये गेले

१४ जून, दुसरा शनिवार. लाइट बिलाची शेवटची तारीख आणि बँकेचं ॲप उघडेना. 'व्हीपीएन बंद करून पुन्हा प्रयत्न करा', एवढंच दाखवत होतं. व्हीपीएन म्हणजे फोनचं नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून नेणारी सोय. तो तर मी बंदच केला होता! आदल्या आठवड्यात एका लग्नाला गेलो, तेव्हा लॉजच्या वायफायसाठी व्हीपीएनचं एक फुकटचं ॲप टाकलं होतं. 'डिसकनेक्ट' दाबलं की वरची किल्लीची खूण जायची आणि दोन सेकंदांत परत यायची. फोन बंद करून चालू केला, तरी किल्ली तिथंच.

मग ॲपच्या नावापुढे 'हेल्पलाइन नंबर' लिहून सर्च केलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. असा नंबर कधीही लावू नका. मदत हवी असेल तर ॲपच्याच आत शोधा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोड बोलणारा माणूस, 'सर, सर्व्हरकडून अडकलंय', स्क्रीन शेअर करायचं ॲप, त्याचा कोड, आणि रजिस्ट्रेशनचे १० रुपये कार्डाने. मी १९ वर्षं अकाउंट्सचं काम करतोय. ओटीपी कुणाला सांगू नका, हे मी ऑफिसात दहा जणांना बजावलंय. त्याने ओटीपी मागितला असता तर त्याच क्षणी फोन ठेवला असता. पण त्याने तो मागितलाच नाही. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, मेसेज, सगळं त्याला माझ्या स्क्रीनवर दिसतच होतं. स्क्रीन दाखवली म्हणजे ओटीपी सांगितला, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आणि तो क्षण. ११ वाजून ४२ मिनिटांनी वरून मेसेजची पट्टी खाली आली आणि त्यात ४९,९९९ हा आकडा मी स्वतः वाचला. विचारलंसुद्धा, "हे काय?" तो म्हणाला, "टेस्टिंगचा मेसेज आहे सर, आपोआप कॅन्सल होईल. फोन टेबलावर पालथा ठेवा, स्कॅन चालू आहे, पाच मिनिटं हात लावू नका." मी ठेवला. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "भरलं का बिल?" मी म्हणालो, "होतंय." पट्टी दिसली तेव्हाच नेट बंद करायला हवं होतं. किती रात्री तो आकडा डोळ्यांसमोर येतोय. फोन उलटा केला तेव्हा ४९,९९९, २४,५०० आणि ९,९०० असे तीन व्यवहार झालेले होते. वर ते १० रुपये. त्यात मुलीच्या क्लासची फी होती. हिला सांगायला मला संध्याकाळ झाली.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवली. हे पहिलं करा, घरात रडारड नंतर. बँकेच्या कॉल सेंटरला मात्र कार्ड ब्लॉक करायला २२ मिनिटं लागली; एक दाबा, तीन दाबा, प्रतीक्षा करा. शाखा उघडली सोमवारी. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला ना? मग तुम्हीच दिलात." मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यांनी तो कागद हातातही घेतला नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं कलम तेवढं त्यांना तोंडपाठ! तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, पैसे परराज्यात गेलेत, हद्द आमची नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, असं म्हटलं तर "वकील आहात का?" दुसऱ्या दिवशी, आयटी कायद्याचा तपास पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक साहेबच करतात आणि ते बंदोबस्ताला गेलेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंदोबस्त. मी अर्ध्या पगाराच्या रजा टाकून बाकावर बसून होतो, आणि समोरचा हवालदार मला विचारतो, "शिकलेले दिसता, मग कसे फसलात?" शिकलेल्या माणसाची तक्रार लिहून घ्यायची नसते का?

किल्लीचं काय झालं, तेही सांगतो. त्याच रात्री भाच्याने सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथून व्हीपीएन, ॲपच्या नावापुढचं चक्र उघडलं. 'ऑलवेज ऑन' चालू होतं. ते चालू असलं की ॲपमधून कितीही वेळा बंद करा, ॲन्ड्रॉइड स्वतःच परत जोडतं. ॲप टाकताना ॲपनेच ते सुचवलं होतं आणि मी न वाचता 'हो' केलं होतं. त्याच्याच खाली व्हीपीएनशिवायचं नेट अडवणारा दुसरा खटका असतो, तोही पाहा. आयफोनवर याच जागी 'कनेक्ट ऑन डिमांड' असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

८४,४०९ पैकी ९,९०० एका खात्यात गोठवलेले आहेत. ते सोडवायला बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. उद्या पुन्हा रजा टाकली आहे.