बिशान पार्क, सिंगापूर: नदी बघायला जावं असं ठिकाण

सिंगापूरला आलेले पाहुणे मरिना बे बघून परत जातात, मी म्हणेन एक संध्याकाळ बिशान-आंग मो कियो पार्कला द्याच. एंट्री फ्री आहे आणि बिशान एमआरटी (मेट्रो) स्टेशनहून चालत जाता येतं.

इथे कलांग नदी म्हणजे आधी 2.7 किमीचा सरळ काँक्रीटचा नाला होता, बाजूला कुंपण, लोक लांबूनच जायचे. 2012 मध्ये तो फोडून वळणावळणाची साधारण 3.2 किमीची नदी केली, काठ दगड, माती आणि झाडांच्या मुळांनी धरलेत. एकूण 62 हेक्टर जागा, आणि काठाजवळ बिल्डिंग नाही तर मोकळं गवत, पाऊस जास्त झाला की नदी त्या गवतावर पसरते आणि मग ओसरते. पाणी वाढायला लागलं की सायरन वाजतो, तेव्हा सेल्फी काढत थांबू नका प्लीज.

तळ्याचं पाणी झाडांच्या वाफ्यांमधून फिरवून साफ करतात, ते बोर्डवर नीट समजावलंय, मुलांना दाखवा. पुढे ही नदी मरिना जलाशयात जाते म्हणजे प्यायच्या पाण्यातच, त्यामुळे इथे काठ जपणं हे नुसतं शोभेचं काम नाहीये. नशीब असेल तर पाणमांजरंही दिसतात.

मायनस म्हणजे दुपारचं ऊन असह्य, आणि रविवारी सायकलवाले चालू देत नाहीत 😅 पुण्यात नदीपात्रातून गाडी चालवलेल्या माणसाला जरा जळायला होतंच.

साडेचार स्टार.