ट्रेलरचे टायर बदलल्यानंतरचा अनुभव: गुडइयर एन्ड्युरन्स चांगला, पण व्हॉल्व्हने डोकं फिरवलं

आधीच सांगून टाकतो, टायर चांगले आहेत. घ्यावे का नको एवढंच ज्यांना हवंय त्यांनी घ्या आणि कामाला लागा. बाकीच्यांसाठी लिहितोय, कारण माझा राग टायरवर नाहीये, दोन-तीन डॉलरच्या एका रबरी व्हॉल्व्हवर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचा ट्रेलर (पिकअप ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) सेकंडहँड, दोन ॲक्सलचा, प्रत्येक ॲक्सल ३५०० पाउंडाचा. कंपनीने बसवलेले टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज सी. म्हणजे ५० पीएसआय हवेला एका टायरची क्षमता १७६० पाउंड, चारांची ७०४०. आणि दोन ॲक्सल मिळून ७०००. मार्जिन किती ठेवलंय तर ४० पाउंड! बासमतीच्या दोन पिशव्या! ॲरिझोनात विकायच्या ट्रेलरमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस द्यायला यांच्याकडे पैसे आहेत, पण एक साइज वरचा टायर द्यायला नाहीत.

तर मे महिन्यात फिनिक्सहून जोशुआ ट्रीला निघालो होतो, आय-१० हायवेवर टोनोपाच्या पुढे डावीकडचा मागचा टायर गेला. गेला म्हणजे नुसती हवा नाही गेली, वरची अख्खी पट्टी सोलून निघाली आणि त्या पट्टीने चाकावरचं प्लॅस्टिक फाडलं, ब्रेकची वायर तोडली. टायर परवडला, ही दुरुस्ती महाग पडते. आणि गंमत म्हणजे नक्षी भरपूर शिल्लक होती, कोणीही बघून नवाच म्हणाला असता. ट्रेलरचा टायर झिजून मरतच नाही हो, वर्षातले दहा महिने उन्हात उभा राहून आतून सुकतो. म्हणून नक्षी बघू नका, टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉटच्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा. २२१९ असेल तर २०१९ सालचा बाविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर कितीही गोंडस दिसू दे, काढा. नवीन घेतानाही हेच आकडे वाचा, गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल आपल्याच गळ्यात मारतात.

रोडसाईड असिस्टन्सवाल्यांना फोन केला, कार्ड आहे, दरवर्षी पैसे भरतोय. बाई म्हणाली की तुमच्या प्लॅनमध्ये ट्रक कव्हर आहे, ट्रेलर नाही, त्याला वरचा प्लॅन लागतो. म्हटलं अहो ट्रेलर ट्रकलाच जोडलाय, सोडून कसा जाऊ. तर म्हणे तो तुमचा निर्णय. घरी बसून हे वाचत असाल तर आत्ता उठून आपलं कार्ड तपासा. शेवटी मीच बदलला. दोन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर जॅकशिवाय होतं, त्याच बाजूचं चांगलं चाक लेव्हलिंगच्या ठोकळ्यांवर चढवायचं, फुटलेलं आपोआप अधांतरी होतं, नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवायचे. स्टेपनी लावली, आणि ती स्टेपनी कुठल्या सालची? बाकी चारांच्याच. तशीच लावून पुढच्या एक्झिटवरून वळून पन्नासच्या स्पीडने घरी परत.

मग अभ्यास सुरू केला. पहिलं काम म्हणजे ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांचा वजनकाटा) वजन, नेहमीसारखं सामान भरून, पाण्याची टाकी फुल करून. पाणी हलकं वाटतं पण गॅलनला सव्वाआठ पाउंडांच्या वर जातं, ४० गॅलनची टाकी म्हणजे सव्वातीनशेच्या पुढे. त्यात कुकर, २० पाउंडांची कणीक, बिडाचा तवा, हे आमच्याकडे येणारच. ट्रेलरच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ६१०० च्या आसपास आलं. चाराने भागलं तर सव्वापंधराशे, म्हणजे कागदावर सी पुरतो. इथेच लोक थांबतात. पण वजन चारांवर सारखं नसतं, आमचं किचन आणि स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) एकाच बाजूला आहे, आणि कॅट स्केल ॲक्सलचं वजन देतो, एकेका चाकाचं नाही. शिवाय ती १७६० ची क्षमता पूर्ण ५० हवेला आहे, ४० वर आली की दीड हजाराच्या आसपासच उरते. आणि जुन्या एसटी टायरवर स्पीडचं अक्षर नसेल तर तो ६५ मैलांपर्यंतचाच धरायचा, इथे आय-१० वर लिमिट ७५ आहे आणि मागून ट्रकवाले ८० ने येतात.

ट्रकचेच जुने टायर चालतील का असं एकाने विचारलं होतं. कारचा पी टायर ट्रेलरला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागायची असते आणि बाजू मऊ असतात. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागेवर वळवताना बघा कधी, चाकं वळत नाहीत, आडवी खरडत जातात, तिथे बाजू कडकच लागते. नकोच.

मग एन्ड्युरन्स घेतले, त्याच साइजमध्ये लोड रेंज डी, ६५ पीएसआयला २०४० पाउंड, स्पीडचं अक्षर एन म्हणजे ८७ मैल, अमेरिकेतच बनतात. ८७ ने ओढायचं नाहीये कोणी, पण ६५ ने जाताना टायर आपल्या मर्यादेच्या टोकावर नसतो एवढाच अर्थ. नेटवर अर्ध्या किमतीत मिळणारे आहेत. मी इतर बाबतीत कूपन कापणारा माणूस आहे, इथे नाही कापलं.

पहिला महिना-दीड महिना मला वाटलं पैसे वाया गेले. ६५ हवेला ट्रेलर असा उडतो की पोचल्यावर कपाटातली कढई जमिनीवर. बायको म्हणाली जुनेच बरे होते. म्हणून एकदा ६० वर उतरवली हवा, तर टीपीएमएसवर (टायरची हवा आणि तापमान दाखवणारं यंत्र) टायरचं तापमान नेहमीपेक्षा वर दिसायला लागलं, मुकाट्याने परत ६५ केली आणि कपाटाला लहान मुलांसाठी असतात ती कुलपं लावली. जुलैत आय-१७ ने फ्लॅगस्टाफला चढलो, ब्लॅक कॅनियनचा घाट आणि खाली ११० डिग्री फॅरनहाइट, चारही टायर एकमेकांच्या चार-पाच डिग्रीत. तेव्हा मत बदललं. वर सकाळी थंडीत हवा कमी दिसते, घाबरू नका, ६५ हवेला साधारण दहा डिग्रीला दीड पीएसआय धरायचं, आणि सात हजार फुटांवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेज उलट थोडं जास्त दाखवतं, त्यामुळे वाटतं तेवढा फरक पडत नाही.

आता व्हॉल्व्ह. टायर बसवून दिले त्या दुकानात (नाव घेत नाही) मी सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, की मेटल व्हॉल्व्ह लावा. घरी येऊन बघतो तर साधे रबरी, दाबून बसवायचे. ते ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात आणि माझा टायर ६५ चा. म्हणजे कागदावर चालतं, मला मान्य आहे! पण त्याच्यावर मी टीपीएमएसचा सेन्सर फिरवून बसवणार, त्या सेन्सरच्या वजनाने रबरी नळी चाकाबरोबर हलत राहते आणि बुडाशी चिरते. परत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो सगळ्यांना हेच लावतो, कोणी तक्रार केली नाही. म्हटलं बाबा, टायर फुटल्यावर माणूस तक्रार करायला तुझ्याकडे येतो का टो ट्रक शोधतो? मॅनेजर आला, त्याचं म्हणणं टायर परत उतरवून बसवायचे आणि बॅलन्स करायचे पैसे लागतील. नाही दिले. ऑगस्टमध्ये एका चाकाची हवा रोज दोन-तीनने उतरायला लागली, साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे बरोब्बर व्हॉल्व्हच्या बुडातून. फोटो काढून त्यांना पाठवला, उत्तर नाही. दुसऱ्या दुकानातून चारही मेटल करून घेतले, पैसे माझेच.

त्या दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मात्र रिम उलटा करून दाखवला. मागे शिक्का आहे, कमाल १८७० पाउंड. म्हणजे टायर २०४० चा असला तरी रिम १८७० च्या पुढे जाऊ देत नाही, सी वरून डी वर जाऊन टायर-रिमची कमाई ११० पाउंड प्रत्येक चाकामागे. मी खुश होतो २८० मिळाले म्हणून! टायर, रिम, ॲक्सल, या तिघांत वजनाचा सगळ्यात छोटा आकडा असेल तो तुमचा, आणि माझा तर ॲक्सलचाच निघाला, चाकामागे १७५०. हे टायरच्या कुठल्याही रिव्ह्यूमध्ये मला वाचायला मिळालं नव्हतं. रिमवरचा पीएसआयचा आकडाही तिथेच वाचून घ्या, माझा ६५ ला चालतो.

एवढं सगळं होऊन आज टायर कसे आहेत म्हणाल तर कडा सारख्या झिजल्यात, भेगा नाहीत, हवा आठवडे उतरत नाही, पार्किंगमध्ये पांढरी कव्हरं घालून ठेवतो. नट १०० फूट-पाउंडाने आवळतो, चाक काढलं असेल तर पन्नास मैलांच्या आत परत एकदा. फुटलेल्या टायरच्या शेजारचा जुना टायर कोणी ठेवू नका, एक गेल्यावर त्याने दोघांचं वजन ओढलेलं असतं. स्टेपनी अजून सीच आहे, पाचवा एन्ड्युरन्स थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेईन, आणि व्हॉल्व्ह घरून घेऊन जाईन.