चाळिशीनंतर कराटे की लाठी?

पंचेचाळिसाव्या वर्षी मी आधी आठ महिने शोतोकान कराटे केलं, मग लाठीकडे वळलो. घाम दोन्हीकडे सारखाच निघतो. माझी अडचण वेगळी होती: हातपाय एकमेकांचं ऐकत नव्हते.

चालताना डावा पाय पुढे पडला की उजवा हात पुढे येतो, ही जन्माची सवय. कराट्यातली ओई-झुकी नेमकी तिच्या उलट. ज्या बाजूचा पाय, त्याच बाजूचा ठोसा, आणि त्याच क्षणी दुसरी मूठ कमरेशी ओढायची. 'हेइआन शोदान' या काताच्या (म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेच्या) 21 हालचाली पाठ झाल्या, पण तिसऱ्या हालचालीला डाव्या पायावर मागे वळताना मी रोज अडायचो. तेही निभावलं असतं. मला नडली ती मोजणी. 'इच, नी, सान' (जपानी एक, दोन, तीन) सुरू झालं की थांबता येत नाही. ओढायचा हात अर्ध्यावरच राहतोय हे माझं मला कळायचं नाही, आणि भरलेल्या वर्गात सरांचं लक्ष जाईपर्यंत तीच चूक शंभरदा घोटून व्हायची. अशी मुरलेली चूक काढणं मला तरी नवं शिकण्यापेक्षा जड गेलं.

लाठीत चूक तिथल्या तिथे कळते. मनगट उशिरा वळलं की बांबू काखेत अडकतो, नाहीतर नडगीवर बसतो. दोन्ही हात एकाच काठीवर, त्यामुळे एक हात मागे राहिला की काठीच अडते. वस्तादांनी पहिले पंधरा दिवस पाय हलवू दिले नाहीत. आधी जागेवर हात, मग नुसते पवित्रे, मग दोन्ही एकत्र. वेग आपला आपण ठरवायचा. रोज दहाच मिनिटं, पण खाडा नाही. दोनेक महिन्यांत डावा हात सांगितल्यासारखा वागू लागला.

कराट्याचं एक मोठेपण मान्य करायला हवं: जोडीदारासमोर उभं राहून अंतराचा जो अंदाज येतो, तो एकट्याने लाठी फिरवून येत नाही. लाठीला गच्ची किंवा मैदान लागतं, आणि खांदा दुखरा असेल तर जपूनच. कोल्हापूरकडे मर्दानी खेळाचे आखाडे आहेत. इतरत्र कराट्याचा वर्ग बहुधा आधी सापडेल. तिथे मुलं कमी असतील आणि मोजणी थांबवून हात दुरुस्त करणारे सर असतील, तर जरूर जा. नसतील, तर कानापर्यंत पोचेल असा बांबू घ्या आणि वस्तादांसमोर पंधरा दिवस जागेवर फिरवून बघा.