बोटांचे ठसे घेऊन मेंदू सांगणारे

ही माणसं आता डिचोलीकडे फिरताहेत असं कळलं, म्हणून लिहिते.

मी वाळपईत इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत, त्यामुळे पालकांचा जीव टांगणीला असतो. गेल्या एप्रिलमध्ये एक गृहस्थ आले. म्हणे मेंदूविज्ञानाने इंग्रजी शिकवायचं. मुलांच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅन केले की मेंदूचा कुठला भाग किती टक्के चालतो ते कळतं. मग मूल ऐकून शिकणारं की पाहून, त्याप्रमाणे शिकवायचं. माझ्या प्रशिक्षणाचे 12,000 आणि दर मुलामागे 2,500 रुपये, रोख. पावती नंतर देतो म्हणाले, ती आजतागायत आली नाही. नऊ मुलांच्या पालकांना मीच तयार केलं. माझ्या पैशांपेक्षा ते जास्त सलतं.

पाचवीत जाणाऱ्या एका मुलीच्या अहवालात होतं, ‘श्रवणप्रधान, वाचनावर भर नको.’ दोन महिने मी तिला नुसतं ऐकवलं, पुस्तक हाती दिलंच नाही. जूनमध्ये तिची फाईल हरवली म्हणून ठसे पुन्हा घेतले, तर ती ‘दृश्यप्रधान’ निघाली. एप्रिलमध्ये ती घरच्यांबरोबर काजूच्या बिया सोलत होती, टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघाली होती. पावसापर्यंत कातडी भरून आली, बस्स.

मग मी वाचायला बसले. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात. त्यांवरून मूल कसं शिकेल हे सांगता येतं याला शास्त्रीय आधार नाही. ऐकून शिकणारे, पाहून शिकणारे या वाटणीचंही तेच. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा तशा वाटणीने शिकवावं इतका पुरावा त्यांना सापडला नाही. आणि वाचन मेंदूत जन्मतः नसतंच. अक्षर आणि आवाज पुन्हा पुन्हा जुळवूनच ते घडतं. मी त्या मुलीची नेमकी तीच जुळणी थांबवली होती.

कुणी ठसे मागितले तर देऊ नका. पैसे दिलेच असतील तर ग्राहक हेल्पलाईनला, 1915 वर, फोन करा.

तिच्या घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ‘टीचर, आता तरी वाचायला शिकवा,’ एवढंच ती म्हणाली. सध्या आम्ही ‘ए’वर आहोत. कॅट, केक, कॉल: अक्षर एकच, आवाज तीन. आपल्या बाराखडीची सवय असलेल्या मुलीला ते पटायला वेळ लागतोय.