पिवळी पेटी की फुकटचा कोड?

कंपन्यांना त्यांचीच कागदपत्रं शोधून देण्याच्या धंद्यात ब्रिटनची ऑटोनॉमी आणि नॉर्वेची फास्ट या कंपन्या पाय रोवून बसल्या होत्या. त्यांना टक्कर देण्याच्या या दोन तऱ्हा.

गूगलने 2002 मध्ये चक्क पिवळी पेटी, म्हणजे शोधाचं सॉफ्टवेअर भरलेला सर्व्हर, विकायला काढली. कंपनीच्या सर्व्हर-रॅकमध्ये बसवा, शोध सुरू. किंमत दस्तऐवजांच्या संख्येवर. पण वेबवर गूगलला तारणारे, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे ऑफिसच्या फायलींत असतात कुठे? वर कुणी काय पाहावं, ही परवानग्यांची कटकट वेगळीच. 2016 मध्ये पेटी गुंडाळायचं ठरलं.

दुसरी तऱ्हा 2010 चं इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर: ल्युसीन या फुकट मिळणाऱ्या शोध-कोडवर उभं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. आधी डेव्हलपरनी वापरलं, पैशांची बोलणी मागाहून. जुळवाजुळव मात्र तुमच्याच गळ्यात. तरी या धंद्यात उतरणाऱ्या नवख्या कंपनीला मी हीच वाट सुचवीन; पेटी खपवायला गूगलएवढं नाव लागतं.