आप्पांच्या गोळ्या बंद करणारा ‘आपला माणूस’

परवा हुक्केरीकडच्या एका नातेवाइकांनी मला एका पत्रकाचा फोटो पाठवून विचारलं, ‘जाऊ का?’ लाल हृदय, भोवती हिरव्या पानांची महिरप, खाली ‘बायपास टाळा, ब्लॉकेज मुळापासून घालवा, हृदयाची मोफत तपासणी’. याच पत्रकापायी आमचे साडेअठरा हजार गेले, त्यात वडिलांचा, आमच्या आप्पांचा, जीवही जायचा होता. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळं इथंच लिहिते.

आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला, बेळगावला नेऊन अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला. घरी येताना गोळ्यांची पिशवी मिळाली: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन, बीपीची एक. डॉक्टर भले होते, पण बाहेर रांग लागलेली. फाइल इंग्रजीत, समजावणाऱ्या सिस्टर कन्नडमधून बोलणाऱ्या, आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यांना कळलं होतं. कशासाठी घ्यायच्या, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. त्या माणसानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आप्पा शेजारच्या काकांबरोबर गेले, घरात कुणाला बोलले नाहीत. तिथं टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरनं जोडलेली पितळी रंगाची मूठ. नाव, वय, उंची, वजन विचारून घेतलं, मूठ मिनिटभर हातात धरायला लावली, की प्रिंटरमधून पानंच्या पानं रिपोर्ट. ‘रक्ताची घनता’, ‘रक्तवाहिन्यांची लवचिकता’, ‘कोलेस्टेरॉलचे स्फटिक’, पुढं लाल-पिवळे बाण. एक थेंब रक्त काढलं नाही, छातीला एक तार लावली नाही, आणि म्हणे स्फटिक दिसले!

या मशीनचं पुढं माझ्या भाच्यानं बिंग फोडलं. कॉलेजला जाणारा, रोज सकाळी पळणारा पोरगा. पलीकडच्या गावात तेच शिबिर लागलं तेव्हा तो गेला आणि वय विचारल्यावर सांगितलं, ‘आजोबांचं लिहा, तेच येणार होते, मूठ तेवढी मी धरतो.’ रिपोर्टात त्याच्या रक्तवाहिन्या आप्पांच्याएवढ्याच कडक निघाल्या. वय जास्त टाकलं की बाण लाल, इतकंच ते शास्त्र.

रिपोर्टनंतर ‘वैद्य’ भेटले. आप्पांना जवळजवळ तासभर शेजारी बसवून घेतलं. वखारीची चौकशी केली, मुलं कुठं असतात ते विचारलं, बोलणं सगळं आपल्याकडचं. ‘कशाला भ्यायलासा आप्पा, आमी हाय न्हवं.’ आजारपणात आप्पांशी इतका वेळ इतक्या सावकाश आमच्यापैकीही कुणी बोललं नव्हतं. माझ्या मते विक्री तिथंच झाली, औषधाची बरणी नंतर पुढं आली.

बरणीबद्दल सांगितलं ते असं: भीमगडच्या जंगलातली मुळं, अर्जुनाची साल, लसूण आणि ‘गुप्त वनस्पती’. (भीमगड खानापूर तालुक्यातलं अभयारण्य आहे, 2011 साली जाहीर झालेलं. तिथून कुणीही उठून मुळं उपटून आणावीत अशी ती जागा नाही.) तीन महिन्यांचा कोर्स, सत्तावीस हजारांचा, ‘आपल्या माणसाला’ साडेअठरा. नऊ हजार रोख, बाकीचे क्यूआर कोडवर. खातं कुठल्याशा बाईंच्या नावावर. पावती म्हणून वहीच्या पानावर नुसता आकडा, सही नाही. सोबत सूचना: लघवी गडद झाली की समजा, ब्लॉकेज विरघळून बाहेर पडतंय.

ते तसं पडत नसतं. ब्लॉकेज म्हणजे नळात अडकलेला काडीकचरा नव्हे. चरबी, कॅल्शियम यांचा तो थर रक्तवाहिनीच्या भिंतीतच वर्षानुवर्षं साचतो. काढ्यानं सुटून लघवीवाटे जायला त्याला वाटच नाही.

खरा घात पुढच्या वाक्यात होता. ‘इंग्लिश गोळ्यांनी रक्त पातळ होतं, आमच्या औषधानंही होतं. दोन्ही एकदम नको, त्या बंद करा.’ यात अर्धं खरं आहे, म्हणून आप्पांना पटलं. जास्त लसणाचे अर्क अशा गोळ्यांसोबत घेतले तर रक्तस्राव वाढू शकतो, हे डॉक्टरही सांगतात. पण स्टेंट बसवलेल्या माणसानं क्लोपिडोग्रेल आणि अॅस्पिरिन मनानं थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. अटॅकनंतर या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर जोडीनं देतात, आणि कमी करायच्या त्या हृदयाच्या डॉक्टरांनीच. आप्पांच्या स्टेंटला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

आम्हाला कळलं ते मेडिकलवाल्यांमुळं. त्यांनीच भावाला फोन केला, ‘आप्पा या महिन्यात गोळ्या न्यायला आले नाहीत, गावाला गेलेत काय?’ तोवर आप्पांचे पाय सुजले होते, जिना चढताना मांड्यांतून जीव जायचा, बीपी कधी नव्हे इतकं वर. घरात सगळे म्हणत होते, वय झालं. बेळगावला नेलं, रक्त तपासलं, पोटॅशियम बरंच खाली. डॉक्टरांनी बरणी मागवली, काढ्याचा थेंब जिभेला लावला आणि विचारलं, ‘हा गोड कसा?’ त्यांचा संशय ज्येष्ठमधावर. घसा बसला की आपण ज्येष्ठमधाची कांडी चघळतो, त्यानं काही बिघडत नाही. पण रोज भरपूर पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काढ्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, म्हणून आत नक्की तेच होतं असं मी छातीठोक म्हणत नाही. काढा बंद केला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि सूज उतरली, एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलं. स्टेंट शाबूत राहिला हे नशीब.

आयुर्वेदावर माझा राग नाही. अर्जुनाची साल हृदयासाठी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, दुधात उकळून क्षीरपाक करतात. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, रीतसर बीएएमएस. त्यांच्याकडं ती बरणी नेली तर त्यांनी आधी डॉक्टरांची फाइल मागितली आणि मग म्हणाले, ‘मी असतो तर एकही गोळी बंद केली नसती. अर्जुन द्यायचा झाला तरी डॉक्टरांना विचारून.’ काढ्यातली साल अर्जुनाचीच आहे का, हेही सांगता येईना. अर्जुनाची साल पांढरट, गुळगुळीत असते आणि त्याच्याच कुळातल्या ऐनाची काळपट, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. झाडावर दोन्ही लगेच ओळखतात, काढा झाल्यावर बघणारा काय ओळखणार!

बरणीवर उत्पादकाचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, मुदत नाही. आयुर्वेदिक औषध विकायला या गोष्टी आणि घटकांची यादी छापावीच लागते. ‘गुप्त वनस्पती’ हा घटक कायद्यात बसत नाही. ते पत्रकसुद्धा बसत नाही. जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 सालचा आहे आणि ज्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह तिन्ही आहेत.

मग सुरू झाली सीमेची गंमत. फोन बंद. कार्यालयाच्या मालकांना नाव माहीत नाही, भाडं रोख मिळालेलं. इकडच्या ठाण्यात सांगितलं, खातं कोल्हापूर जिल्ह्यातलं, तिकडं जा. तिकडं सांगितलं, शिबिर कर्नाटकात झालं, इकडं कशाला आलात? अशा लोकांना हा पट्टा का आवडतो ते तेव्हा कळलं. सकाळी शिबिर, दुपारी कागल गाठलं की राज्य बदललं. पुढं एका वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे. आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा महाराष्ट्रातला असो की दिल्लीतला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. नुसता सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. क्यूआरवरून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत. आम्हाला कळेपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं.

हुक्केरीच्या पाहुण्यांना ‘जाऊ नका’ म्हणून कळवलं. पत्रक मात्र फाडू नका, असंही सांगितलं, कारण जाहिरातीचा पुरावा तेच. छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात भरून आला तर कुणाच्याही बरणीला हात न लावता 108ला फोन करा.

बेळगावच्या आयोगात आमची तक्रार दाखल आहे. साडेनऊ हजारांची बँकेची नोंद जोडली. रोख नऊ हजारांना पावती नाही, पण आप्पांची दिवाणजीची सवय सुटलेली नव्हती. त्यांनी रोजच्या जमाखर्चात तारीख घालून लिहिलं होतं: ‘हृदय औषध, रोख 9,000, घरी सांगितले नाही.’ वकिलांनी त्या पानाची नक्कल जोडली आहे. ती धरायची की नाही, ते आता आयोग ठरवेल.